अर्ध्या वाटेच्या पुढे

हांगा रोआ, रापा नुई बेट
बुधवार, १ जून १९८३

ओदिलिया,

अक्षर ओळखलंस तर पाकीट लगेच फाडून टाकू नकोस. निदान हे पहिलं पान वाच, मग तुझी मर्जी.

अकरा वर्षांत मी तुला एकच पत्र लिहिलं, कोरोला, आपल्या वडिलांना, मातीत ठेवलं तेव्हाचं. त्या पत्रालाही तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. पण आज तुझी बहीण म्हणून नाही, तर वाइतेआची आई म्हणून लिहितेय. तू तिला पाहिलेलंही नाहीस. सात वर्षांची आहे. नाक तुझं घेतलंय आणि हट्टही तुझाच.

गेल्या वर्षी तिला घशाचा ताप आला, मग सांधे धरले, आणि ताप उतरला तो तिच्या हृदयाची झडप खराब करूनच. आता चर्चच्या चढावर ती दोनदा खाली बसते आणि म्हणते, "आई, बुटात खडा गेलाय." बुटात काही नसतं. नखं जांभळी होतात. इथला डॉक्टर खंडावरचा पोरगेला माणूस आहे, बिचाऱ्याला मासेसुद्धा पचत नाहीत, पण खोटं बोलत नाही. तो म्हणाला, "हे इथे होणार नाही. सान्तियागोलाच न्यायला हवं, आणि लवकर." तिथल्या इस्पितळानं तारीख दिलीय. रविवारी, बारा तारखेच्या विमानात दोन जागा आहेत, एक तिची आणि एक सोबतीची.

मला आठवा महिना चालू आहे आणि डॉक्टर मला विमानात चढू देत नाही. माझा नवरा तेओफिलो मार्चपासून परदेशी मासेमारी जहाजावर आहे. वायरलेसनं निरोप धाडलाय, पण जहाज कुठल्या बंदराला कधी लागेल ते देव जाणे. मी ह्याला विचारलं, त्याला विचारलं. रात्रीच्या जेवणाला नुआनं ताटातला ट्यूना संपवला, हात पुसले आणि म्हणाली, "मी जाते."

आपली नुआ, आपली आई, ओदिलिया! नऊ वर्षं मी विमानतळावर शिंपल्यांच्या माळा विकतेय, पण ही एकदाही कुंपणापर्यंत आली नाही. तिचे दोन भाऊ उघड्या होडीतून ताहितीला निघाले आणि कुठेच पोचले नाहीत. तेव्हापासून ती अंगणातसुद्धा समुद्राकडे पाठ करून बसते. तुझ्या लग्नाच्या दिवशी, तू रामिरोबरोबर सान्तियागोला निघालीस तेव्हा, काय म्हणाली ते तू विसरली नसशील, मीही विसरले नाही. "जा. माझे भाऊ होडीत बसले, तशीच तूही बसलीस असं मी समजेन." त्या दिवसापासून ह्या घरात तुझं नाव कोणी काढत नाही. हे पत्रही तिच्या नकळत लिहितेय.

विमानतळावर येशील का? त्या दोघींना घरी ठेवशील? नुआसाठी नको वाटलं तर नको करूस. पोरीसाठी कर.

पेत्रोना


हांगा रोआ
बुधवार, ८ जून

ओदिलिया,

तुझी तार मिळाली. "येऊ दे. मी आणि रामिरो उभे असू." एवढंच. पण मी ती छातीशी धरून पोस्टाच्या पायरीवर बसले आणि रडले. पोस्टातल्या बाईला वाटलं कोणीतरी गेलं.

नुआला सांगावंच लागलं.

"तो पण येणार?" तिनं विचारलं.

"तो पण. गाडी त्याची आहे."

"मग मी चालत जाईन."

"नुआ, सान्तियागो केवढं आहे ठाऊक आहे का तुला?"

"तेरेवाकाच्या डोंगराएवढं असेल. तो मी चढलेय."

पण तुझं नाव मी घेतलं तेव्हा ती उठून गेली नाही. एवढं तुला कळावं म्हणून लिहितेय.

काल तिनं आपल्या बेनेदिक्तोला बोलावणं धाडलं. आत्याचा बेनेदिक्तो, आता विमानतळाच्या वायरलेस खोलीत असतो, पोट सुटलंय, टक्कल पडलंय. नुआनं त्याला समोर बसवून विचारलं, "सान्तियागो किती लांब?"

"तीन हजार सातशे किलोमीटर. थोडं जास्तच."

"ते मला काय कळणार? किती वेळ?"

"जाताना साडेचार तास. येताना एक तास जास्त."

"वाट तीच ना? मग येताना लांब कशी होते?"

"वाट तीच, नुआ. पण वारा नेहमी इकडून तिकडे वाहतो. जाताना पाठीत ढकलतो, येताना तोंडावर आपटतो."

"म्हणजे उमू लावायची, उघडायची, सगळ्यांना वाढायचं, एवढा वेळ," नुआ म्हणाली. जमिनीतल्या भट्टीवरून वेळ मोजायची तिची जुनी सवय. मग तिनं विचारलं, "मध्ये उतरायला कुठे जागा?"

बेनेदिक्तोला थाप मारता आली असती. मी मागून डोळे वटारत होते. पण तो पडला सरळ. म्हणाला, "मध्ये काही नाही. पाणीच. एका ठरावीक जागेपर्यंत काही बिघडलं तर विमान इथे परत येतं. ती जागा ओलांडली की मग काहीही होवो, पुढेच जायचं."

"आणि बरोबर त्या जागेवर बिघडलं तर?"

तो हसला. "बरोबर त्या जागेवर काही बिघडत नसतं, नुआ."

ती हसली नाही. मीही नाही.

डॉक्टर ऑक्सिजनचं एक नळकांडं बरोबर देतोय. व्हरांड्यात नेऊन मला आणखीही काही म्हणाला, पण ते इथे लिहीत नाही. वाइतेआला उशी उंच लागते. पायऱ्या असतील तर उचलून घ्या, ती नाही म्हणेल. नुआ तुमच्यासाठी केळ्याचा गोड पोए पावासारखा भाजून आणतेय. म्हणते पोरीसाठी आहे. एवढा मोठा पोए एक पोरगी खाणार आहे का?

पेत्रोना


मातावेरी विमानतळ, वायरलेसची खोली
रविवार, १२ जून

ओदिलिया,

हे मी बेनेदिक्तोच्या खोलीत बसून लिहितेय. हात रिकामे ठेवता येत नाहीत, म्हणून त्याच्याकडे कागद मागितला.

सकाळी त्या गेल्या. नुआनं चर्चचा काळा झगा आणि गवती टोपी घातली होती. शिडीपाशी थांबली. विमानातल्या पोरीला वाटलं म्हातारीला आधार हवाय, तिनं हात पुढे केला. नुआनं तिला विचारलं, "पोरी, तू रोज ह्यात बसतेस?" ती हो म्हणाली. "आणि तुझी आई बसू देते?" मग माझ्याकडे न बघता वर गेली. वाइतेआनं कुठल्या खिडकीतून हात हलवला ते मला दिसलंच नाही. मी सगळ्या खिडक्यांना हात केला.

घरी येऊन रताळी सोलत होते. दुपारी बेनेदिक्तोची बायको घोड्यावरून आली. "पेत्रोना, चल, त्यानं बोलावलंय. काही झालेलं नाही." काही झालेलं नसताना घोड्याच्या तोंडाला फेस येईपर्यंत कोणी पळवतं का?

झालं ते असं. विमानात वर जी हवा दाबून भरलेली असते, ती कुठूनशी गळायला लागली. उतारूंच्या तोंडावर मुखवटे पडले. एवढ्या उंचीवर माणसाला श्वास मिळत नाही, म्हणून पायलटनं विमान झपकन खाली आणलं. आता ते खालून चाललंय. खाली हवा जाड, त्यामुळे वेग कमी, आणि इंजिनं तेल जास्त पितात. हे सगळं त्या जागेवर झालं, ओदिलिया. त्या जागेच्या जरासं पुढे.

भिंतीवर नकाशा आहे. बेनेदिक्तोनं टाचणी लावली होती. मी त्याची पट्टी घेऊन मोजलं. दोनदा मोजलं.

"अरे, हे तर आपल्याला जवळ आहेत! सान्तियागोपेक्षा आपण जवळ आहोत! परत बोलाव त्यांना!"

"पट्टी खाली ठेव, पेत्रोना."

"तू बघ तर!"

"बघितलंय. पट्टीला वारा कळत नाही. मागे वळले तर वारा छातीवर. अंतर कमी आहे पण वेळ जास्त लागेल, आणि तेल वेळेच्या हिशोबानं जळतं. पुढे गेले तर वारा पाठीशी. पायलट पुढेच चाललाय, आणि तेच बरोबर आहे."

"तेल पुरेल?"

"पुरेल."

फार पटकन म्हणाला. माणूस खरं सांगताना जरा विचार करतो.

साडेचार तासांचे आता पावणेसहा होणार, असा त्याचा हिशोब. मला वेळ कळत नाही. मी फक्त तिचा श्वास मोजतेय. इथे बसून मी श्वास घेते आणि मनात म्हणते, हा तिचा. सोडते, हा तिचा. पोटातलं पोर लाथा मारतंय आणि मला त्याचा राग येतोय. ह्याच्यामुळे मी तिच्या शेजारी नाही. असं आईनं लिहू नये. लिहिलं.

डॉक्टर काय म्हणाला ते आता सांगते, मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, "हवा थोडी विरळ असते, तेवढी ती सोसेल असं वाटतं. वाटतं म्हणतोय. नेलं नाही तर मात्र हिवाळा निघणार नाही." नुआला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती गेली नसती असं मला वाटलं. आता वाटतंय, ती तरीही गेली असती, निदान माहीत असून गेली असती.

(नंतर)

यंत्रातून नुसती खरखर येतेय. बेनेदिक्तो हाक मारतो, थांबतो, पुन्हा हाक मारतो. मघाशी त्यानं कानावरचं काढलं आणि घाम पुसला. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. कधी कधी आवाज पोचत नाही. हवेचा खेळ आहे."

"बुडालं असतं तरी असाच आवाज आला असता ना?"

"पेत्रोना, बाहेर जाऊन जरा बस."

बाहेर अर्धं गाव जमलंय. कोणी सांगितलं कुणास ठाऊक. पाद्रीबाबा आलेत. बायका गातायत, आपलं ते समुद्रात गेलेल्या नावाड्यांसाठीचं गाणं. मी सरळ जाऊन म्हटलं, "ते गाणं नको. दुसरं म्हणा." कोणी वाईट मानलं नाही. दुसरं धरलं. मी परत आत आले. माझ्या पोटामुळे त्याला खुर्ची सरकवता येत नाही, तरी तो आता जा म्हणत नाही.

तू आत्ता तिथे काचेपाशी उभी असशील. तुम्हाला काही सांगितलं असेल का? फळ्यावर नुसतं 'उशीर' लिहिलं असेल. तू मनगटावरच्या घड्याळाकडे बघून चिडत असशील, की नुआ अकरा वर्षांनी येतेय आणि तेही उशिरा. खुशाल चीड. मला तुझा हेवा वाटतो.

(नंतर)

आवाज आला. सान्तियागोनं त्यांना ऐकलं, आणि आम्ही सान्तियागोला. चालू आहेत. किनारा अजून दिसत नाही, पण चालू आहेत. बेनेदिक्तोनं काहीतरी ऐकून कागदावर लिहिलं आणि तो कागद उलटा ठेवला. मी उचलायला गेले तर त्यानं माझा हात धरला. लहानपणी सुरी हातात घेतली की धरायचा, तसा. मी ओढला नाही. मला वाचायचं नव्हतं.

(नंतर)

उतरलं.

उतरलं, ओदिलिया. बाहेर लोक टोप्या उडवतायत. मी जमिनीवरच बसलेय आणि तिथूनच लिहितेय. मी बेनेदिक्तोला म्हटलं, "आता दाखव तो कागद." त्यावर लिहिलं होतं: धावपट्टीशी रुग्णवाहिका हवी, आजारी मूल शुद्धीवर नाही.

आता ती तुझ्यासमोर आहे. तुला दिसतंय, मला दिसत नाही. लवकर कळव. जे असेल ते कळव.


हांगा रोआ
बुधवार, १३ जुलै

ओदिलिया,

ते बारा तारखेचं पत्र मी पाठवलंच नाही. ह्याच्यासोबत पाठवतेय, म्हणजे तुला कळेल की तुझी सोमवारची "श्वास घेतेय" ही तार कोणाच्या हातात पडली. मी ती पोस्टातच मोठ्यानं वाचली आणि पोस्टातल्या बाईनं काउंटर ओलांडून मला मिठी मारली.

तुझं मोठं पत्र आता पाठ झालंय. डॉक्टरनं झडप मोकळी केली, तिनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि पाचव्या दिवशी जेलीच्या रंगावरून नर्सशी भांडली. नखं गुलाबी आहेत असं तू लिहिलंस. ती ओळ तेओफिलोनं इतक्यांदा वाचली की तिथे कागद काळा झालाय. हो, तो परत आला, आणि आल्यावर आठवड्यानं त्याला मुलगा झाला. बाळ ठणठणीत आहे. त्याच्यावर रागावले होते ते त्याला कधी सांगणार नाही.

नुआचं वाचून हसावं की रडावं कळेना. सगळी वाट तिनं स्वतःचा मुखवटासुद्धा पोरीच्याच नाकाशी धरला. विमानाच्या दारात आल्यावर तिचे पाय चालेनात. रामिरो पहारेकऱ्यांना ढकलून धावपट्टीवर धावला आणि त्यानं तिला उचललं. तिनं त्याला टोपीनं बडवलं आणि मग त्याच्या गळ्यात हात टाकले ते गाडीत बसेपर्यंत सोडले नाहीत! हे मी गावात सगळ्यांना सांगितलंय. माफ कर, राहवलं नाही.

आणि आता ती म्हणते, पुन्हा विमानात पाय ठेवणार नाही. ऑक्टोबरात वाल्पाराइसोहून माल घेऊन निघणाऱ्या जहाजानं येईन. समुद्राचं नाव न घेणारी माझी आई! तू विचारलंस, "तुझे भाऊ विसरलीस का?" तर म्हणाली, "समुद्र निदान ओळखीचा आहे." बरं. येऊ दे जहाजानं.

पण वाइतेआला तू स्वतः विमानानं घेऊन येतेस असं लिहिलंस, त्याचं उत्तर मी दोन आठवडे दिलं नाही. खरं सांगू? मी "नको" असं लिहून ठेवलं होतं. तिला तिथेच ठेव, शाळेत घाल, तुला मूल नाही, तिथे डॉक्टर आहेत. चांगली चांगली कारणं लिहिली होती. सगळी खोटी. मला फक्त ती पुन्हा त्या जागेवरून जायला नको होती. माझ्यापासून तीन हजार सातशे किलोमीटरवर वाढली तरी चालेल, पण जिवंत. आणि विमान आलं की मी आता माळा विकायला जात नाही, उशीखाली डोकं घालते.

तेओफिलोनं ते पत्र वाचलं. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, "तुझ्या आईनं एक मुलगी भीतीपायी घालवली. तुलाही तेच करायचंय का?"

दुसऱ्या दिवशी ते पत्र चुलीत टाकलं.

ये. घेऊन ये तिला.

पेत्रोना


हांगा रोआ
सोमवार, ५ सप्टेंबर

प्रिय नुआ,

तुला वाचता येत नाही आणि ओदिलिया इथे आहे, म्हणजे हे पत्र तुला रामिरोच वाचून दाखवणार. सध्या घरात तुम्ही दोघंच. त्याच्या तोंडून आपली भाषा ऐकताना हसू नकोस, तो इथे तीन वर्षं राहिलाय, जमेल तशी बोलतो.

त्या पोचल्या. आधी हे सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील.

काल वारा वाईट होता, धावपट्टीला आडवा. मी कुंपणापाशी होते, तेओफिलोच्या कडेवर बाळ होतं. विमान समुद्रावरून आलं, एवढं खाली की चाकं दिसली, मग एका बाजूला कलंडलं आणि गर्जना करत पुन्हा वर गेलं. आमच्या डोक्यावरून. नुआ, तुला माहीत आहे, इथून दुसरं कुठे जाऊन उतरायला जागा नाही. ते ढगात दिसेनासं झालं. मी बेनेदिक्तोच्या खिडकीकडे पाहिलं, त्यानं दोन्ही हात वर करून 'थांब' अशी खूण केली. मी थांबले. दुसरं काय करणार होते? तेव्हा मला कळलं तू शिडीपाशी का थांबली होतीस. आणि तरी कशी चढलीस? ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या वेळी ते उतरलं. एक चाक आधी, मग दुसरं.

वाइतेआ शिडीवरून पळत आली. पळत, नुआ! मी ओरडले, "हळू!" आणि तिनं ऐकलं नाही. माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि धापसुद्धा लागली नव्हती. छातीवरची खूण तिनं तिथेच भर गर्दीत सगळ्यांना दाखवली. मग बाळाला बघितलं आणि म्हणाली, "हा एवढाच आहे?"

ओदिलिया सर्वांत शेवटी उतरली. पिशवी छातीशी धरून शिडीखाली उभी राहिली, पुढे येईना. तिला वाटलं असावं इथे कोणी ओळख देणार नाही. मी चालत गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "जाड झालीस." ती म्हणाली, "तू पण." झालं.

सकाळी तिनं तुझ्या खोलीतला पलंग झाडला आणि स्वतः जमिनीवर चटई टाकली. तुझ्या पलंगावर झोपणार नाही म्हणते. तू येऊन सांगेपर्यंत नाही.

आता रामिरो, इथून पुढचं तिला ऐकवू नकोस, मनात वाच. ती विचारेल तर सांग की पत्र संपलं.

ओदिलिया सांगत होती, आई रात्री उठून बसते आणि स्वतःलाच विचारते की जहाज किती दिवस चालतं. तुला विचारणार नाही. ती म्हणेल, मी एकटी जाईन, कोणाची गरज नाही. ऐकू नकोस. तिच्याबरोबर जहाजात चढ. पहिल्या दिवशी जमीन दिसेनाशी होईल तेव्हा ती डेकवर उभी असेल, तू जाऊन शेजारी उभा राहा. ती तुला हाकलेल, टोपीनं मारेलही. हलू नकोस.

आपल्या घरी तुझं ताट मांडलेलं असेल.

पेत्रोना